साठची रेघ

मले कोनी बिचारी म्हनू नका. म्हनायचं असन त माह्या डिंपलले म्हना, नाई त तिच्या बापाले म्हना. मी धडधाकट बाई हाये. देऊळघाटच्या आमच्या वावरातलं वांगं, मेथी, सांबार, म्हनजे तुमची कोथिंबीर, वीस वर्सापासून मीच बुलढान्याच्या बजारात नेते. अडत्यानं काट्यात खोट केली त भर बजारात त्याचा काटा उलटा करते. छाया येऊन राह्यली म्हनलं का लोक रस्ता देते. अन एवढी तोंडाळ बाई मी, त्या दिवशी माह्या तोंडातून एक शब्द निंघाला नाई. तेच सांगायचं हाये.

डिंपल आमची एकुलती एक. सातवीत होती तवा तिच्या शाळेत विहंग सर आले. बुलढान्यात पोराइले धनुष्यबान शिकवते ते. सरनं साऱ्या वर्गाले हात लांब करून उभं केलं अन म्हने, कोणी हलायचं नाही. पाच मिंटात साऱ्याइचे हात लटकले. आमचं कार्ट आपलं उभंच. सरनं इचारलं, दमली नाहीस का? त ही म्हन्ते, सर, मी रोज हिरीवरून दोन घागरी आनते. तवापासून तिची सायकल अन ते मैदान. उन्ह नाई, थंडी नाई, पोरगी चारले निंघे ते अंधार पडता पडता घरी.

पयले दोन वर्स बांबूचं धनुष होतं. मंग सरनं त्याइच्या शिकवनीच्या केंद्राचं मोठं धनुष तिच्या हाती देलं. पेटीत राहे ते, सुटं सुटं. पोरगी एकेक भाग काढे अन जोडे, अन आम्ही दोघं नवरा-बायको जेवन ठेवून पाहत बसो. सर म्हनले होते, डिंपल निवासी केंद्रात निवडली गेली का तिथं तिला तिचं स्वतःचं धनुष्य मिळेल, तीन वर्षं राहणं, खाणं, शिक्षण सगळं तिथं. नाही निवडली गेली तर हे परत करायचं, दुसऱ्या मुलीला द्यायचं. अन वयाची अट अशी का यंदाच जमलं त जमलं. पुढच्या वर्सी पोरगी सतराच्या वर जाते.

त्या धनुषाले पुढं एक उभी पट्टी राह्यते, वीतभर. त्याले साइट म्हनते. त्या पट्टीवर एक बारीक कडं वर-खाली सरकते, अन त्या कड्यातून पाहून नेम धरायचा. जवळ मारायचं असन त कडं वर, लांब मारायचं असन त खाली. किती खाली, हे ज्याचं त्याले शोधा लागते. दुसऱ्याची साइट आपल्याले चालत नाई, काऊन का त्याचा हात येगळा, जबडा येगळा, डोळा येगळा. डिंपलनं पट्टीवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावली होती अन तिच्यावर पेनानं चार रेघा मारल्या होत्या. तीस मीटर, चाळीस, पन्नास, साठ. एकेका रेघेले तिचा महिना-महिना गेला. मारे, पाहे, पेचकसानं जरासं सरकवे, पुन्ना मारे.

तिच्या पप्पानं, निवृत्ती त्याइचं नाव, वांग्याच्या बाजूची एक लांब पट्टी मोकळी सोडली पोरीसाठी. दोरीनं साठ मीटर मोजलं. गोनपाटात कुटाराचा भुसा ठासठासून निशान्याची गादी केली, शिवली बी त्याइनंच, दाभनानं. एक दिवस बान खाली लागून राह्यले होते अन पोरगी कडं बी खालीच सरकवून राह्यली होती.

"अवं येडे, बान खाली जाते त कडं वर घे ना," तिचे पप्पा म्हने.

"नाई पप्पा. बान जिकडं गेला तिकडंच साइट न्याची. खाली गेला त खाली. कडं खाली गेलं का मले हात वर उचला लागते."

"हे चांगलं हाये बाप्पा," ते म्हने, "चुकीच्या मांगं मांगंच जायाचं!" अन दोघं बापलेक हासले. असं होतं आमच्या घरी. लय चांगलं चालू होतं.

यंदा आश्विनात पानी उघडाचं नावच घेईना. सोयाबीन वाळलं होतं, शेंगा काळ्या पडून राह्यल्या होत्या, दोन दिवस अजून उभं राह्यलं असतं त जागच्या जागी कोंब फुटले असते. सोंगाले, कापाले मानूस भेटे ना. ज्या बायका सांगतल्या त्या आधीच दुसऱ्याच्या वावरात. डिंपलची निवड दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, बुलढान्यात. सरनं सांगतलं होतं, शेवटचे दहा दिवस रोज साठ बान, अन हातानं जड काम करू नको.

तिचे पप्पा दोन दिवस मजूर शोधत हिंडले. तिसऱ्या दिवशी सकाळी डिंपल चहा पिऊन राह्यली होती, तिच्याजवळ जाऊन बसले. नुसते हात चोळे.

"पप्पा, मी येते सोंगाले," तीच म्हने.

"चार दिवस बाप्पा. नुसते चार दिवस."

चाराचे सहा झाले. तिघंही वाकून. चिखलात पाय रुते, पाठीवर ऊन पडलं का वाफ निंघे. सोयाबीनचे वाळले खुट सुईवानी टोचते, मुठीत धरून इळा वढला का बोटाची कातडी सोलून निंघते. मी डिंपलले म्हनलं, फडकं बांध बोटाले. तिनं बांधलं, पन ते चिखलानं भिजे अन निसटे. ज्या तीन बोटानं ती दोरी वढे त्याच बोटाले चिरा पडल्या. संध्याकाळी हातपाय धुवून पट्टीवर जाये, दिस बुडेपर्यंत वीस-तीस बान मारे. साठच्या रेघेवर कडं, अन बान मधात. मी बांधावरून पाहत होती. एवढी थकली तरी मधात. म्या मनात म्हनलं, आता कोनाच्या बापाची ताकद नाई पोरीले थांबवाची.

नवमीच्या आदल्या दिवशी सोयाबीन गंजी मारून झालं.

आमच्या घरी खंडेनवमी साधी नसते. इळे, पावडं, टिकास, कुऱ्हाड, फवारनीचा पंप, माहा भाजीचा काटा, सारं घासून पुसून वसरीत मांडायचं, हळद-कुंकू, झेंडूचं फूल, निवद. पुजलेल्या हत्याराले दसऱ्याचं सोनं वाटेपर्यंत हात लावायचा नाई. माही सासू सरस्वतीबाई, वारली ती, एका वर्सी तिचा एक इळा पुजायचा राह्यला. त्याच वर्सी त्याच इळ्यानं तिची करंगळी गेली. ती करंगळी नसलेला हात मी पंधरा वर्स पाह्यला. तुम्ही म्हनान योगायोग. म्हना. मी त्या घरात नांदली हाये.

त्या सकाळी आभाळ आलं म्हून बापलेक ताडपत्री झाकाले वावरात गेले. जाता जाता डिंपल म्हने, "मम्मी, धनुष काढू नको. पेटीलेच हळद-कुंकू लाव बाहेरून."

"हाव," म्या म्हनलं.

सारे हत्यारं घासून झाले. वसरीत मांडले. अन त्या चकचकीत इळ्याइच्या रांगेत ती चिखलाचे शितोडे उडलेली पेटी पाहून मले बरं वाटे ना. हत्यार पेटीत, अन पूजा पेटीची. असं कुठी असते? परवा त्याच हत्यारानं पोरीच्या जलमाचं ठरनार होतं. मले ती करंगळी आठवली. म्या पेटी उघडली.

दांडकं पुसलं, दोरीले नुसतं फूल टेकवलं. तेवढं मले समजे. मंग साइट हाती आली. संध्याकाळच्या वल्या हातानं धरून धरून ती चिकटपट्टी काळीशार झाली होती, कडेनं मातीची लकेर. म्या दात घासायचा जुना बुरूस घेतला, जरासं निरमा. दोन वेळा फिरवला अन पट्टीचा लगदा झाला. पेनाची शाई पसरली, निळं पानी माह्या बोटावर आलं. रेघा गेल्या.

 मी तशीच उकिडवी बसून राह्यली. वावराच्या रस्त्याकडं पाह्यलं, कोनी दिसे ना. तवा जर मी बसूनच राह्यली असती, अन पोरगी आल्यावर सांगतलं असतं का बाई, तुह्या मायनं असं केलं, त ती दहा मिंट आदळआपट करती, मंग सरले फोन लावती अन सारं सुधरून जातं. दहा मिंटाचं बोलनं. तेवढंच खायाचं होतं मले.

पन मी काम करनारी बाई. बिघडलं त सुधरवायचं, एवढंच मले ठाव. तिच्या कंपासपेटीतून पेन घेतलं. तिच्याच पिशवीत तीच पांढरी पट्टी होती, ती नीट कापून चिकटवली. तीसच्या रेघेखाली धातूवर बारीक ओरखडा होता, म्हून ती जागा पक्की सापडली. चाळीसची त्याच्या खाली, जवळच, ती बी मले दिसल्यावानी आठवे. मंगच्या दोन? मले आठवे का त्या फाकत गेल्या होत्या, खालचं अंतर वरच्याहून जास्ती. म्या म्हनलं, पोरीनं सायकलीवर बसून वढल्या का काय. आम्ही वांग्याचं रोप लावतो त दोरी धरतो, दोन रोपात बोटाचा फरक पडू देत नाई. आगपेटीची काडी तीस-चाळीसच्या मापानं तोडली अन त्याच काडीनं पन्नासची वढली, साठची वढली. एकदम सारख्या. अक्षर बी तिच्यावानीच बारीक काढलं. अन खोटं काऊन सांगू, मले बरं वाटलं. म्या म्हनलं, तिच्यापेक्षा बऱ्या वढल्या.

डिंपल घरी आली, वसरीतलं धनुष पाह्यलं, अन कमरेवर हात ठेवून उभी राह्यली. "मम्मी! धुतलं का तू?"

"नाई वं. फडकं फिरवलं नुसतं."

"साइटले?"

"फूल लावलं. तुह्या साइटले मी काय खाऊन राह्यली का?"

ती हासली, हात न लावता पाया पडली अन जेवाले बसली. पट्टी नवी दिसली असन तिले, पन ती सात-आठ दिवसात पट्टी बदलतच राहे, त्याच्यात नवल नोतं. तिच्या मनात कायले यीन का मायनं रेघा मारल्या.

दसऱ्याले सोनं वाटून झालं का दहा बान मारते म्हनली होती. सोनं वाटून झालं अन पानी लागलं. रातभर पडत राह्यलं.

निवडीच्या दिवशी तिचे पप्पा आले नाई. थ्रेशरवाला त्याच दिवशी येतो म्हने, अन तो हुकला त पुन्ना आठ दिवस नाई. मी डबा घेतला, दशम्या अन मिरचीचा ठेचा, अन पोरीसंगं गेली. मैदानावर चौतीस पोरी होत्या. कोनी कुठच्या, कोनी कुठच्या, चांगल्या चांगल्या कपड्याच्या. मांगं दोरी बांधली होती, मायबापाइनं अन सराइनं दोरीच्या अल्याड राह्याचं. मी डिंपलच्या बरोब्बर मांगं जागा धरली. दोरी माह्या पोटाले लागत होती.

आधी दोन फेरे सरावाचे. डिंपलनं कडं साठच्या रेघेवर आनलं, पेच आवळला, उभी राह्यली. काय उभी राह्यली माही पोरगी! म्या बाजूच्या बाईले म्हनलं, ते पाहा, ते माही हाये.

पयला बान गादीच्या अलीकडं गवतात गेला.

दुसरा बी. तिसरा बी. सहाच्या सहा गवतात. बाजूची बाई माह्याकडं पाहून दुसरीकडं पाहाले लागली. डिंपलनं बोटं हालवले, खांदे फिरवले. तिले वाटलं हात थकले. दुसऱ्या फेऱ्याले तिनं अंग ताणून दोरी वढली, मान आखडली, दोन बान गादीच्या पायाले लागले, बाकीचे पुन्ना गवतात. एक त सापडलाच नाई, ती वाकून गवत चाचपत राह्यली अन पंचानं शिटी मारली.

अन इथी मले समजलं. मले साइटचं काही समजत नाई, पन खाली जाऊन राह्यलं एवढं दिसत होतं, अन रेघा कोनी मारल्या हे मले ठाव होतं. 

गुनाचे फेरे सुरू झाले. पयल्या फेऱ्यात सहापैकी दोनच निशान्याच्या कागदावर, ते बी कडेले. विहंग सर दुर्बीण घेऊन धावत दोरीपाशी आले, माह्या बाजूले. त्याइच्या सात पोरी होत्या मैदानावर, घामाघूम झाले होते.

"डिंपल! सगळे खाली जातायत. साइट बरोबर लावलीय ना? माझ्या वहीत तुझा साठचा आकडा आहे. सांगू का?"

डिंपलनं साइटकडं पाह्यलं. चांगलं पाह्यलं, कितीतरी वेळ. मंग मान वळवून माह्याकडं पाह्यलं. रागानं नाई पाह्यलं. नुसतं पाह्यलं.

सर माह्यापासून हातभर होते. वही त्याइच्या खिशात होती, मले तिचा कोपरा दिसे. मले एवढंच म्हनायचं होतं: सर, रेघा म्या मारल्या, तुमचा आकडा द्या. बस. तोंडाशी आलं होतं. पन त्या साऱ्या बाया, त्याइचे मोबाईल, अन सर वरडतीन, अडानी बाई, तुमाले कोनी सांगतलं होतं हात लावाले...  मी डब्याच्या पिशवीकडं पाहत राह्यली. पिशवीची गाठ सोडली अन पुन्ना बांधली.

"बरोबर हाये सर," डिंपल म्हने. "हात भारी झाले. सोयाबीन सोंगलं ना."

सरनं कपाळाले हात लावला. "किती सांगितलं होतं तुला!" असं म्हनून ते दुसऱ्या पोरीकडं पळाले.

मंग डिंपलनं पेच ढिला केला. एक बान मारे, जरा खाली घे. एक बान मारे, जरा खाली घे. बानाच्या मांगं मांगं साइट नेत होती. तसे दोन फेरे गेले. तिसऱ्याले बान लालमधी आले, चौथ्याले पार मधातल्या पिवळ्यात. त्याच्यानंतर पोरीनं असे बान मारले का पंच बी येऊन पाहाले लागले. पन गेलेले बान गेले होते.

चार पोरी घेतल्या. डिंपल पाचवी.

डबा तसाच वापस आला. घरी थ्रेशर चालू होतं, कुटाराच्या धुराळ्यात तिचे पप्पा पांढरेफटक. आमाले पाहून त्याइनं मशीन बंद कराले सांगतलं.  पोरीचा हात धरून वसरीत नेलं, चिरा पडलेले बोटं उलटे-सुलटे करून पाह्यले, अन एवढा मोठा मानूस हुंदके देऊन रडला.

"म्या नेलं तिले सोंगाले. सर नाई म्हने तरी नेलं. म्या पोरीचा घात केला."

मी चुलीपाशी होती. मले आयकू येत होतं सारं. मी दशम्या तोडून तोडून म्हशीले टाकत होती. डिंपल म्हने, "नाई पप्पा, होते असं," अन ती बी तेवढंच बोलली.

आठ दिवस हेच. मानूस ताटावर बसे अन उठे. गावात कोनी इचारलं, पोरीचं काय झालं, त सांगे, माह्या सोयाबीननं खाल्लं तिले. त्या सोयाबीनचा एक दाना घरात राहू देला नाई, बियाण्याले सुदीक ठेवला नाई. रातच्याला कड बदले. अन मी? मी त्याइच्या पाठीले बाम लावून देत होती. नवरा माहं पाप डोक्यावर घेऊन हिंडून राह्यला होता अन मी त्याइले जेवा म्हनून राह्यली होती.

नवव्या दिवशी धनुष वापस देयाले गेलो, मी अन डिंपल. सायकलवर पेटी मांगं बांधली, डिंपल हातात सायकल धरून चालली, मी पेटीले हात लावून. मैदानावर सर होते, बारा-तेरा पोरं होते. धनुष आता गार्गी नावाच्या पोरीले भेटनार होतं, बुलढान्याच्या एका कारकुनाची लेक, चिमनीएवढी. सरनं पेटी उघडली, धनुष जोडलं अन साइट तिच्यासाठी लावाले हाती घेतली.

ते थांबले. चष्मा वर करून पट्टी डोळ्याजवळ नेली.

"डिंपल, ह्या खुणा कोणी केल्या?"



"म्याच केल्या सर."

"तू?" सरनं खिशातली वही काढली, फूटपट्टी लावली. "चारही एकसारख्या अंतरावर? अंतर वाढत जातं तशा खुणा लांब लांब जातात, हे तुला मी सांगायचं? साठची खूण केवढी वर आहे बघ. ही साइट घेऊन तू निवडीला उभी राहिलीस?"

"घाईत झालं सर."

"घाईत!" सर बसले खाली. त्याइचा राग काय म्हनावा, रडूच येऊन राह्यलं होतं त्याइले. "चार वर्षं, डिंपल. चार वर्षं मी तुझ्यावर मेहनत केली. मी विचारलं तुला, वही खिशात होती माझ्या. बरोबर आहे म्हणालीस. मला वाटलं पोरीचे हात गेले. हात कुठं गेले होते? हे तर... हे शाळेतलं पोर सुद्धा करत नाही." मंग त्या लहान्या पोरीकडं वळले. "गार्गी, बघून ठेव. ह्या ताईनं केलं तसं कधी करायचं नाही. एका आळशीपणानं काय जातं ते बघ."

साऱ्या पोराइनं पाह्यलं. डिंपल सरळ उभी, हात मांगं बांधून, जसं पयल्या दिवशी उभी होती म्हनते तशी. मी तिथीच. सर मले म्हने, "ताई, तुम्ही तरी काय करणार," अन म्या मान हालवली. मान हालवली म्या! सरनं ती पट्टी नखानं खरडून काढली, गोळी केली अन गवतात टाकली. गार्गीले उभं केलं, तिच्या जबड्याले हात लावून पाह्यला, कडं पार वर नेलं, अन म्हने, मार.

 घाटापर्यंत ती पुढं, मी मांगं. मले म्हनायचं होतं, काऊन खोटं बोलली वं? पन उत्तर मले ठावच होतं.

घरी आलो त तिचे पप्पा वसरीत बसले होते. "देलं वापस?" म्हने. डिंपलनं मान हालवली. ते उठले, पोरीसमोर उभे राह्यले अन हात जोडले. बापानं लेकीसमोर हात जोडले. "बाप्पा, मले माफ कर. म्या तुले वावरात नेलं नसतं त..."

मले नाई पाहवलं.

"हात खाली घ्या," म्या म्हनलं. "सोयाबीननं नाई गेलं. माह्या हातानं गेलं." अन सारं सांगतलं. निरमा, बुरूस, काडी, साठची रेघ, दोरीपाशी सर काय म्हने, आज सर काय म्हने. उभ्या उभ्या सांगतलं, पदराले हात बी लावला नाई. हात मोकळे ठेवले, का मारलं त मारू दे.

त्याइनं मारलं नाई. मारनारा मानूस नाई तो. भितीले टेकून खाली बसले. डिंपलले इचारलं, "तुले माहीत होतं?"

 ती माह्याकडं पाहत होती. नऊ दिवस जी पोरगी रडली नाई, वरडली नाई, तिचं तोंड असं वाकडं झालं का मले लहानपनीची डिंपल दिसली.

"आता काऊन सांगतलं?" ती वरडली. "आता कायले सांगतलं मम्मी? म्या आवरलं होतं ना सारं! पप्पाले म्हनलं होतं होते असं. सरचं बी आयकलं म्या. तुले कोनी बोलू नाई म्हून म्या साठ मीटरवरून हारली, अन तू आता सांगते? सांगायचंच होतं त त्या दिवशी सांगायचं होतं! दोरीपाशीच त उभी होती तू! मी पाहत होती ना तुह्याकडं. पयल्या फेऱ्याले पाह्यलं. दुसऱ्या फेऱ्याले पुन्ना पाह्यलं, म्हनलं आता बोलन, आता बोलन माही माय. दोनदा पाह्यलं म्या!"

म्या एकदाच पाह्यलं होतं. दुसऱ्या वक्ती मी खाली मान घालून डब्याच्या पिशवीची गाठ बांधत होती.